धंदेशिक्षण कोणासाठीं? — अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजांच्या इतिहासावरून

धंदेशिक्षणाची थोरवी ज्याला मान्य नाहीं असा सुशिक्षित गृहस्थ आपल्याकडे शोधून सांपडावयाचा नाहीं. सभेच्या व्यासपीठावर, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत आणि शाळांच्या बक्षीस-समारंभांत गेलीं शंभर-सव्वाशें वर्षें एकच सूर ऐकूं येत आहे : निव्वळ पुस्तकी विद्येनें तरुण पिढी निरुपयोगी झाली, आतां तिच्या हातांना कांहीं काम शिकविलें पाहिजे. परंतु हा उपदेश करणाऱ्यांपैकीं किती जणांनीं स्वतःचा मुलगा सुतारकामाच्या किंवा ओतकामाच्या वर्गांत घातला, असें कोणी विचारलें तर सभेंत थोडी चुळबूळ सुरू होते. ही विसंगति केवळ आपल्या समाजाची आहे असा आपला समज असतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. ज्या अमेरिकेला आपण श्रमप्रतिष्ठेचें माहेरघर समजतों, तेथेंहि हाच प्रश्न दीडशें वर्षें धुमसत राहिलेला आहे. आणि तो ज्या संस्थेंत अगदीं हातघाईवर आला, ती म्हणजे तेथील कम्युनिटी कॉलेज. तिचा इतिहास आपल्या दृष्टीनें उद्बोधक आहे, म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम या संस्थेचें स्वरूप. कम्युनिटी कॉलेज म्हणजे त्या त्या गांवाच्या किंवा जिल्ह्याच्या लोकांसाठीं, बहुतांशीं सार्वजनिक पैशावर चालणारें दोन वर्षांचें महाविद्यालय. शालान्त शिक्षण संपविलेल्या कोणालाहि सामान्यतः तेथें प्रवेश मिळतो; गुणांची चाळणी नसते. फी विद्यापीठाच्या मानानें कमी, आणि पुष्कळ वर्ग सायंकाळीं भरत असल्यामुळें दिवसा नोकरी करणारा मनुष्यहि तेथें शिकूं शकतो. एकाच छपराखालीं दोन प्रकारचें शिक्षण चालतें. एका दालनांत गणित, इतिहास, रसायन असे विषय शिकून दोन वर्षांनीं विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत जाऊं इच्छिणारे विद्यार्थी असतात. दुसऱ्या दालनांत वेल्डिंग, मोटारदुरुस्ती, वीजजोडणी, लेथकाम, रुग्णशुश्रूषा, पाकक्रिया असल्या धंद्यांचे वर्ग चालतात. आज अशा संस्थांची संख्या हजाराच्या आसपास आहे. या दोन दालनांमध्यें दरवाजा असावा कीं भिंत असावी, हा त्यांच्या इतिहासांतील मुख्य वाद होय.

या वादाचें मूळ संस्थेहून जुनें आहे. यादवी युद्ध ऐन भरांत असतां २ जुलै १८६२ रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं जस्टिन मॉरिल यांच्या विधेयकावर सही केली. मॉरिल हे व्हरमाँटमधील एका लोहाराचे चिरंजीव; स्वतःचें शालेय शिक्षण त्यांना लहानपणींच सोडावें लागलें होतें. या कायद्यानें प्रत्येक राज्याला त्याच्या काँग्रेसमधील प्रत्येक सभासदामागें तीस हजार एकर सरकारी जमीन मिळाली, आणि तिच्या उत्पन्नांतून कृषि व यंत्रकला यांचें शिक्षण देणारें निदान एक तरी कॉलेज चालवावें अशी अट घालण्यांत आली. ही जमीन मूळ रहिवाशांकडून तहानें किंवा बळानें घेतलेली होती, हें येथें विसरतां कामा नये. परंतु कायद्याची एक गोष्ट खरोखर नवी होती. शास्त्रें व अभिजात वाङ्मय यांना फांटा न देतां नांगर आणि यंत्र यांना त्यांनीं कॉलेजच्या मांडवांत बसविलें. हेतु उदार होता, फळ मात्र वेगळें आलें. हीं कॉलेजें हळूहळू मोठीं विद्यापीठें बनलीं. त्यांतून इंजिनियर निघाले, शेतकीचे शास्त्रज्ञ निघाले. पण हातानें काम करणारा कारागीर दाराबाहेरच राहिला.

या कारागिराला शिकवावयाचें कसें, याची एक पद्धति १८७६ सालीं फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनांत अमेरिकन लोकांच्या दृष्टीस पडली, आणि आश्चर्य असें कीं ती रशियांतून आलेली होती. मॉस्को येथील शाही तांत्रिक शाळेचे प्रमुख व्हिक्टर डेला-व्हॉस यांनीं सुतारकाम, लोहारकाम, कातकाम अशा प्रत्येक धंद्याचे बारीक बारीक भाग पाडून त्यांचे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे पाठ बसविले होते. पूर्वीं उमेदवार उस्तादाजवळ वर्षानुवर्षें राही, पाणी भरी, भाता ओढी, आणि पाहून पाहून जें उचलतां येईल तें उचली. आतां एक शिक्षक एका वेळीं वीस-पंचवीस मुलांना कानस धरावयास किंवा सांधा जोडावयास क्रमवार शिकवूं लागला. मॅसॅच्युसेट्स येथील तांत्रिक विद्यालयाचे अध्यक्ष जॉन रंकल यांनीं ही पद्धति उचलली, आणि सेंट लुई येथें कॅल्व्हिन वुडवर्ड यांनीं १८८० सालीं तिच्यावर आधारलेली शाळा उघडली. वुडवर्ड यांचें म्हणणें असें कीं, हें शिक्षण कोणत्याहि एका धंद्यासाठीं नाहीं; हातांतून बुद्धीला वळण लावावयाचें, म्हणून तें सर्वच मुलांना दिलें पाहिजे. तिकडे कारखानदारांना मात्र तयार कामगार हवे होते. धंदेशिक्षण हें मनुष्य घडविण्यासाठीं कीं कारखान्यासाठीं, हा प्रश्न अशा रीतीनें आरंभींच उभा राहिला.

त्याला दुसरी एक बाजू होती, व ती अधिक कटु होती. गुलामगिरींतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठीं १८६८ सालीं व्हर्जिनियांत हॅम्प्टन येथें एक संस्था निघाली. तेथें शिकलेले बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं १८८१ सालीं अलाबामांत टस्कीगी येथें आपली शाळा काढली. विद्यार्थ्यांनीं स्वतः विटा पाडल्या, भट्ट्या लाविल्या आणि आपल्या शाळेच्या इमारती आपल्या हातांनीं उभारल्या. स्वावलंबनाचें हें उदाहरण वाचून आजहि मन भरून येतें. परंतु वॉशिंग्टन यांनीं १८९५ सालीं अटलांटा येथील भाषणांत, राजकीय हक्कांची घाई न करतां प्रथम हस्तोद्योगांत प्रावीण्य मिळवावें असा सल्ला आपल्या बांधवांना दिला, आणि गोऱ्या श्रोत्यांनीं त्याचें जोराचें स्वागत केलें. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना हें स्वागतच संशयास्पद वाटलें. १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, धंदेशिक्षण वाईट नाहीं. पण एका समाजाला तेवढेंच द्यावयाचें आणि वरचें शिक्षण त्याच्यापासून राखून ठेवावयाचें, हा शिक्षणाचा प्रकार नसून त्या समाजाला जागच्या जागीं बसविण्याचा प्रकार आहे. जन्मावरून धंदा ठरविण्याच्या रूढीशीं ज्यांचा हजारों वर्षांचा परिचय आहे, त्या आपल्या लोकांस या वादाचें मर्म निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

याच सुमारास, १९०१ सालीं, इलिनॉय राज्यांत जोलिएट या गांवीं तेथील हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन व शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या विचारानें हायस्कुलालाच जोडून दोन वर्षांचे कॉलेजचे वर्ग सुरू झाले. आरंभीं विद्यार्थी अवघे सहा होते. अमेरिकेंतील आज चालूं असलेल्या सार्वजनिक ‘ज्युनियर कॉलेजां’पैकीं सर्वांत जुनें तें हेंच. १९०७ सालीं कॅलिफोर्नियानें कायदा करून हायस्कुलांना असे वर्ग चालविण्याची मुभा दिली, आणि १९१० सालीं फ्रेस्नो येथें त्याप्रमाणें कॉलेज निघालें. या पहिल्या संस्थांत धंद्यांचें नांव फारसें नव्हतें. ज्या मुलाला घरापासून दूर विद्यापीठांत जाण्याची ऐपत नाहीं, त्याला गांवांतच पहिलीं दोन वर्षें पुरीं करतां यावीं, एवढाच त्यांचा उद्देश होता. गरिबाच्या मुलासाठीं लावलेली ती शिडी होती.

धंदेशिक्षणाला राष्ट्रीय सरकारचा पैसा मिळाला तो २३ फेब्रुवारी १९१७ रोजीं मंजूर झालेल्या स्मिथ-ह्यूज कायद्यानें. शेतकी, कारागिरी व गृहशास्त्र यांच्या शिक्षकांचे पगार व तयारी यांसाठीं या कायद्यानें दरसाल रक्कम तोडून दिली, आणि कारागिरीच्या वर्गांत निदान अर्धा वेळ प्रत्यक्ष उपयुक्त कामांत गेला पाहिजे असा दंडक घातला. हा दंडक योग्यच होता. परंतु त्याच कायद्यांत असेंहि एक कलम होतें कीं, हें शिक्षण कॉलेजच्या दर्जाच्या खालचें असावें. हातानें शिकावयाची विद्या ती पायरीनें खालची, हें आजवर लोकांच्या मनांत होतें. आतां तें सरकारी कागदावर उमटलें.

कायदा होण्यापूर्वीं दोनच वर्षें, १९१५ सालीं, ‘न्यू रिपब्लिक’ या पत्रांत एक संस्मरणीय वाद झाला. मॅसॅच्युसेट्सचे शिक्षणाधिकारी डेव्हिड स्नेडन यांचें मत असें कीं, प्रत्येकानें कोठें ना कोठें काम करावयाचेंच आहे, तर त्या कामाला योग्य असा मनुष्य तयार करून देणें हें शाळेचें कर्तव्य होय, आणि त्यासाठीं धंद्याच्या शाळा वेगळ्या असाव्यात. कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक जॉन ड्यूई यांनीं त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा आक्षेप धंदेशिक्षणाला नव्हता. उलट हस्तोद्योगाला शाळेंत स्थान मिळावें म्हणून त्यांच्याइतका झटलेला दुसरा तत्त्वज्ञ सांपडणें कठीण. त्यांचें म्हणणें असें कीं, जें शिक्षण कामगाराला आहे त्या कारखानदारीच्या साच्यांत बसविण्यापुरतेंच शिकवितें, तें लोकशाहीचें शिक्षण नव्हे. आपण जें काम करतों त्याचें शास्त्र काय, त्याचा इतिहास काय आणि त्यांत आपले हक्क कोणते, हें समजणारा कामगार त्यांना हवा होता.

हा वाद चालला त्याच वर्षांत, म्हणजे १९१३ ते १९१६ या काळांत, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन गेलेले भीमराव आंबेडकर कोलंबियांत ड्यूईंच्या वर्गांत बसत होते. जन्मावरून धंदा नेमून देणाऱ्या व्यवस्थेवर डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत जो हल्ला चढविला, त्यांत या गुरूचा निर्देश आहे. १९४२ ते १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर-खात्याचे सभासद होते, आणि युद्धकाळांतील तांत्रिक शिक्षणाची योजना याच खात्याकडे होती. हिंदी कामगारांना इंग्लंडांतील कारखान्यांत शिक्षणासाठीं धाडणारी बेव्हिन योजनाहि याच काळांतली. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या ठराविक काम आलें त्यांच्या मुलांना नवीं यंत्रें हातीं मिळणें, याचें महत्त्व त्यांना दुसऱ्या कोणी सांगावयास नको होतें.

आतां पुन्हां अमेरिकेकडे वळूं. १९२० सालीं ज्युनियर कॉलेजांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि त्याच्या धुरीणांनीं एक विलक्षण गोष्ट पाहिली : आपल्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी विद्यापीठांत जावयाचें म्हणून येतो, पण जाणारे त्या मानानें फार थोडे. मग उरलेल्यांचें काय? वॉल्टर ईल्स प्रभृति विद्वानांनीं उपाय सुचविला कीं, बहुसंख्य मुलांना दोन वर्षांत पुरें होणारें, पुढें न नेणारें धंद्याचें शिक्षण द्यावें. याला त्यांनीं ‘टर्मिनल’ म्हणजे अखेरचें शिक्षण असें नांव दिलें. रेल्वेचें शेवटचें स्टेशन दाखविणारा हा शब्द सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याला लावण्यांत कांहीं चुकतें आहे, असें त्यांना वाटलें नाहीं. मुलांनीं मात्र त्याला दाद दिली नाहीं. १९२०-३० च्या सुमारास आणि पुढें मंदीच्या वर्षांतहि, धंद्याचे वर्ग उघडले तरी विद्यार्थी विद्यापीठाच्याच वाटेवर नांवें नोंदवीत राहिले. पुढारी यास अज्ञान म्हणत. पण या मुलांचा हिशेब अगदींच चुकीचा होता असें म्हणवत नाहीं. पदवीनें काय मिळतें हें त्यांनीं आजूबाजूला पाहिलें होतें; आणि धंद्याच्या वर्गाची शिफारस करणाऱ्यांचीं मुलें कोठें शिकतात, हेंहि त्यांना ठाऊक होतें.

दुसऱ्या महायुद्धानें हें चित्र पालटलें. २२ जून १९४४ रोजीं झालेल्या कायद्यानें परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनें उचलला. सुमारें ७८ लाख सैनिकांनीं त्याचा फायदा घेतला. कॉलेजांत गेलेल्या २२ लाखांची कथा पुष्कळ सांगितली जाते. पण ५६ लाखांनीं धंद्याच्या शाळांत, कारखान्यांत किंवा शेतावर शिक्षण घेतलें, हें सहसा कोणी सांगत नाहीं. काळ्या सैनिकांना, विशेषतः दक्षिणेंत, हा लाभ पदोपदीं नाकारला गेला, हाहि त्या कथेचा भाग आहे. मागोमाग जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या मंडळाचा अहवाल १९४७ सालीं आला. गांवोगांव अल्प खर्चाचीं दोन वर्षांचीं महाविद्यालयें असावींत, त्यांत सामान्य शिक्षण व धंदेशिक्षण यांची सांगड असावी, असें त्यानें सुचविलें. आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हें नांव रूढ झालें तें या अहवालामुळें.

पुढील वीस वर्षें या संस्थांच्या भरभराटीचीं. एकट्या १९६० च्या दशकांत सरासरीनें आठवड्याला जवळजवळ एक या वेगानें नवीं कॉलेजें निघालीं. नॉर्थ कॅरोलायना राज्यानें १९५७ सालीं उघडलेलीं औद्योगिक शिक्षणाचीं केंद्रें १९६३ सालीं कम्युनिटी कॉलेजांच्या एका व्यवस्थेंत सामावून घेतलीं. तंबाखू, कापड व लांकूडसामान यांवर जगणाऱ्या त्या राज्याला नवे कारखाने हवे होते, आणि कारखानदार प्रथम विचारीत कीं शिकलेले कामगार कोठें आहेत. त्याच वर्षाच्या राष्ट्रीय कायद्यानें धंदेशिक्षणाच्या पैशाची वाट या कॉलेजांसाठीं मोकळी केली. १९७० च्या दशकांत धंदेशिक्षण घेणाऱ्यांचें पारडें जड झालें.

परंतु भरभराटीच्या आरंभींच एका समाजशास्त्रज्ञानें रंगाचा बेरंग केला. बर्टन क्लार्क यांनीं कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथील कॉलेजचा अभ्यास करून १९६० सालीं आपले निष्कर्ष मांडले. दार सर्वांना उघडें असतें. पण आंत आल्यावर चांचण्या होतात, सल्लागार भेटतात, कमी गुणांकडे वारंवार पण सौजन्यानें लक्ष वेधलें जातें, आणि एक दिवस विद्यार्थी आपण होऊन विद्यापीठाचा बेत सोडतो व धंद्याच्या वर्गाकडे वळतो. त्याला कोणी घालवून दिलें असें होत नाहीं. त्याची उमेद मात्र बेताबेतानें थंड केली जाते. हें वर्णन वाचून अमेरिकन शिक्षक दुखावले. त्यांच्यांत मनापासून खपणारे शेंकडों होते, आणि त्यांनीं शिकविलेल्या वेल्डरला कित्येकदां पदवीधराइतका, कधीं अधिकहि, पगार मिळे. तरी क्लार्क यांचा मुद्दा पगाराचा नव्हता. निवड कोण करतो, हा त्यांचा प्रश्न होता.

मग भिंतीच्या जागीं दरवाजा कधीं झालाच नाहीं काय? झाला, आणि त्याचें उत्तम उदाहरण रुग्णशुश्रूषेचें आहे. युद्धानंतर परिचारिकांची मोठी वाण पडली होती. कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापन-महाविद्यालयांतील मिल्ड्रेड माँटॅग यांनीं १९५२ पासून कांहीं कॉलेजांत दोन वर्षांच्या परिचारिका-शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. पूर्वींच्या रुग्णालयीन शाळांत विद्यार्थिनी तीन वर्षें राबत, आणि शिक्षण किती व फुकटची चाकरी किती हें सांगणें कठीण असे. नव्या वर्गांत शरीरशास्त्र व मानसशास्त्र कॉलेजच्या वर्गांत आणि प्रत्यक्ष काम रुग्णालयांत, असा मेळ घातला गेला. महत्त्वाची गोष्ट ही कीं, या मुली नोंदणीची तीच परीक्षा देत जी इतर परिचारिका देत, आणि पुढें शिकून पदवी घेण्याची वाटहि त्यांना मोकळी राहिली. धंदा हातीं आला आणि शिडीहि काढून घेतली गेली नाहीं. इतर कित्येक धंद्यांत असें झालें नाहीं. व्यावहारिक शाखेची दोन वर्षांची पदविका घेऊन विद्यापीठांत गेलेल्या तरुणाला आजहि पुष्कळदां कळतें कीं, त्याच्या अभ्यासाचा बराच भाग तेथें हिशेबांत धरला जात नाहीं.

आपल्याकडे हा इतिहास वेगळ्या वाटेनें पण त्याच मुक्कामांवरून गेला. मुंबईस १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक विद्यालय स्थापन झालें. तें आज वीरमाता जिजाबाईंच्या नांवानें चालतें. १८९० सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हातून कलाभवन उघडलें, आणि रंगकाम, विणकाम, यंत्रकाम हे विषय मातृभाषेंतून शिकविण्याचा धाडसी उपक्रम केला. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें सर्व शिक्षण देण्याची कल्पना मांडली. १९४५ सालीं सैनिकांच्या पुनर्वसनासाठीं मजूर-खात्यांत जो विभाग निघाला, त्याच्याकडूनच पुढें १९५० सालीं कारागीर-प्रशिक्षणाची योजना सुरू झाली, आणि आज गांवोगांव दिसणाऱ्या ‘आय्. टी. आय्.’ त्या योजनेच्या होत. १९९५ सालीं पाँडेचरी विद्यापीठानें कम्युनिटी कॉलेज हें अमेरिकन रोपटें आपल्या मातींत लाविलें, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें सहावीपासून सर्व मुलांना धंद्यांची ओळख करून द्यावी असें म्हटलें आहे.

योजनांची उणीव आपल्याकडे नाहीं. पांढरपेशा घरांतून हत्याराकडे वळलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगांवास सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून १९१० सालीं औंध संस्थानांत कारखान्याचें गांव वसवितात, आणि आपण त्यांचें चरित्र मुलांच्या हातीं देतों. पण चरित्राबरोबर कानस देत नाहीं. आय्. टी. आय्. मधून बाहेर पडलेला फिटर पुढें पदविकेला आणि पदविकेवरून इंजिनियरिंगला जाऊं शकतो, अशी वाट नियमांत आहे. ती किती जणांना ठाऊक असते आणि तिच्यावर चालणाऱ्याला वर्गांत कोणत्या नजरेनें पाहिलें जातें, हें प्रत्येकानें आपल्या परिचयांतील एखाद्या तरुणाला विचारून पाहावें.

अमेरिकन अनुभवावरून निदान एवढें तरी स्पष्ट दिसतें. धंदेशिक्षणाला प्रतिष्ठा नुसत्या व्याख्यानांनीं येत नाहीं. जेथें यंत्रें नवीं असतात, शिक्षकानें तो धंदा स्वतः केलेला असतो, हाताबरोबर शास्त्र शिकविलें जातें, परीक्षेचें मोल बाजारांत मानलें जातें आणि पुढची वाट बंद होत नाहीं, तेथें मुलें न बोलावतां येतात. परिचारिकांच्या वर्गांनीं हें दाखवून दिलें. जेथें हें शिक्षण दुसऱ्याच्या मुलांसाठीं म्हणून योजिलें जातें, तेथें तीं तें ओळखतात आणि पाठ फिरवितात. ‘अखेरच्या’ वर्गांचें तेंच झालें. तेव्हां नवी योजना पुढें आली म्हणजे सुशिक्षित आईबापांनीं तिच्या उद्दिष्टांचीं पानें वाचण्यापूर्वीं स्वतःला एकच प्रश्न विचारावा, कीं आपला मुलगा किंवा मुलगी त्या वर्गांत बसावी अशी आपली इच्छा आहे काय. उत्तर नकारार्थी आलें, तर त्याचें कारण शोधून तें दूर करण्याचा आग्रह सरकारजवळ व संस्थांजवळ धरावा. ज्या वर्गांत आपण आपलें मूल बसवूं तो वर्ग सुधारल्याशिवाय राहणार नाहीं, आणि त्याचा लाभ ज्यांना दुसरी वाटच नाहीं त्यांच्या मुलांनाहि मिळेल.